ॲटिकसची हार, कादंबरीची साक्ष

काही पुस्तकांचे नशीबच असे असते की आधी त्यांची आरती होते आणि पुढे त्या आरतीची शिक्षा पुस्तकालाच भोगावी लागते. हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी सध्या ती शिक्षा भोगते आहे. ११ जुलै १९६० रोजी ती प्रसिद्ध झाली, १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, १९६२ मध्ये ग्रेगरी पेक यांचा चित्रपट आला आणि अलाबामातल्या मेकोम या कल्पित गावातला वकील ॲटिकस फिंच सज्जनपणाचा मानदंड ठरला. २००३ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने अमेरिकी चित्रपटांतल्या नायकांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिले नाव त्याचेच होते. आता वारे फिरले आहे. ही कादंबरी म्हणजे गोऱ्या वाचकाला स्वतःबद्दल बरे वाटावे म्हणून रचलेली गोड गोष्ट आहे, असे म्हणणे हे आज जाणतेपणाचे लक्षण मानले जाते.

हे मत मला मान्य नाही. पण खंडनाआधी पूर्वपक्ष पुरता ऐकून घेतला पाहिजे. तो वेडगळ नाही, आणि तो मांडणारेही उथळ नाहीत.

कथा थोडक्यात अशी. १९३० च्या दशकातल्या मंदीचा काळ. स्काउट ही लहान मुलगी, तिचा थोरला भाऊ जेम, आणि त्यांचा विधुर वकील बाप ॲटिकस. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर मेयेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो. ॲटिकस त्याचा बचाव करतो, निर्दोषपणा जवळजवळ सिद्ध करतो, आणि तरीही सगळ्या गोऱ्या पुरुषांची ज्युरी टॉमला दोषी ठरवते.

आक्षेप चार आहेत. पहिला ॲटिकसवर. तो हा खटला स्वतःहून घेत नाही, न्यायाधीश त्याच्याकडे सोपवतात. गावातल्या वर्णभेदाविरुद्ध तो एरवी बोटही उचलत नाही. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेबद्दल तो अगदी हलक्याने बोलतो. कायद्याचे प्राध्यापक मन्रो फ्रीडमन यांनी १९९२ मध्ये हा मुद्दा मांडला. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये तो पुढे नेला. त्यांच्या मते ॲटिकसला माणसांची मने वळवायची आहेत, व्यवस्था बदलायची नाही. दुसरा आक्षेप २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गो सेट अ वॉचमन’च्या आधाराने घेतला जातो. त्यात म्हातारा ॲटिकस वर्णविभाजनाच्या समर्थकांच्या सभेत बसलेला दिसतो; मग खरा ॲटिकस हाच, आधीचा होता तो मुखवटा. तिसरा आक्षेप कादंबरीच्या नीतिपाठावर आहे. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहा, एवढीच तिची शिकवण. आणि ज्या अन्यायाला कायदा, पोलीस, ज्युरी आणि तुरुंग असे चार खांब आहेत, तो सहानुभूतीने कसा हलणार? चौथा आक्षेप सर्वांत गंभीर. ज्यांच्यावर अन्याय होतो त्या कृष्णवर्णीयांना इथे आवाजच नाही. टॉम हा मारू नये असा निरुपद्रवी पक्षी, आणि बाकीचे गोऱ्या वकिलापुढे कृतज्ञतेने उभे राहणारे.

आरोपपत्र भक्कम दिसते. आता पुरावा पाहू.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत लवकर ढासळतो. ‘वॉचमन’ २०१५ मध्ये छापली गेली, पण ती लिहिली गेली आधी. १९५७ मध्ये लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेकडे गेलेले हस्तलिखित ते हेच. संपादक टे होहॉफ यांनी लेखिकेला ते नव्याने घडवायला लावले आणि पुढच्या पुनर्लेखनातून ‘मॉकिंगबर्ड’ उभी राहिली. म्हणजे जिला लोक पुढचा भाग समजतात, ती पहिली मांडणी आहे. पण केवळ कालक्रम सांगून मी सुटका करून घेणार नाही. मजकुराकडे पाहा. ‘वॉचमन’मध्येही ॲटिकसने पूर्वी लढवलेल्या अशाच एका खटल्याचा ओझरता उल्लेख आहे, आणि त्यात आरोपी निर्दोष सुटतो. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये तो दोषी ठरतो आणि तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या लागून मरतो. एकच माणूस सुटलेलाही आणि मेलेलाही असू शकत नाही. ही दोन वेगळी जगे आहेत. एकातला ॲटिकस दुसऱ्यातल्या ॲटिकसविरुद्ध साक्षीला उभा करणे ही वाङ्मयीन समीक्षा नाही आणि कायद्याची रीतही नाही.

उलट हा बदलच समोरच्या बाजूला अडचणीत आणतो. पहिल्या खर्ड्यात गोऱ्या वकिलाने कृष्णवर्णीय तरुणाला सोडवले होते. तारणहाराची कथा आयतीच तयार होती. लेखिकेने ती मोडली. निर्दोष सुटका खोडून तिने शिक्षा लिहिली, अपिलाची आशा लिहिली आणि ती आशाही मारली. तारणहाराचे स्तोत्र गायचे असेल तर तारलेल्या माणसाला कुणी पुन्हा बुडवील का?

आणि हा बदल इतिहासाशी इमान राखून झालेला आहे. १९३१ मध्ये अलाबामात स्कॉट्सबरो प्रकरण घडले. नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर दोन गोऱ्या मुलींवरील बलात्काराचा आरोप ठेवला गेला. १९३३ मध्ये न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी पुरावा तपासून त्यांपैकी एकाची शिक्षा रद्द केली. त्याच वर्षी नव्या ज्युरीने त्याच आरोपीला पुन्हा दोषी ठरवले आणि पुढच्या वर्षी हॉर्टन निवडणुकीत पदावरून गेले. खुद्द लेखिकेचे वडील ए. सी. ली हे वकील होते. १९१९ मध्ये त्यांनी दोन कृष्णवर्णीय आरोपींचा बचाव केला आणि दोघेही फासावर गेले. भला माणूस पुरेसा पडत नाही, हे हार्पर ली यांना समीक्षकांकडून शिकायचे नव्हते. ते त्यांच्या घरात घडलेले होते.

आता पहिला आक्षेप. ॲटिकसला मर्यादा आहेत हे कोण नाकारतो? प्रश्न एवढाच की त्या कादंबरीला माहीत आहेत की नाहीत. न्यायालयाने त्याची नेमणूक केली, ही गोष्ट फ्रीडमन यांनी कुठल्या दप्तरातून शोधून काढलेली नाही. ती कादंबरीतच आहे. खटल्याच्या दिवशी कोर्टाच्या आवारात बसलेल्या रिकामटेकड्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून स्काउटला ती कळते, आणि बापाने हे आपल्याला कसे सांगितले नाही याचे तिला नवल वाटते. क्लॅन आता संपला, परत येणार नाही, असे ॲटिकस मुलांना सांगतो हेही खरे. पण कुठे सांगतो? पंधराव्या प्रकरणात. आणि त्याच पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी टॉमला उचलून नेण्यासाठी परिसरातली माणसे रात्री तुरुंगाच्या दाराशी येतात. टोप्या नाहीत, झगे नाहीत, आणि त्यांत एक ओळखीचा चेहराही आहे. बापाचे वाक्य आणि त्याचा पराभव एकाच प्रकरणात बसवणारी लेखिका बापाशी सहमत आहे, असे मानायचे का?

दुसऱ्या दिवशी ॲटिकस त्या जमावातल्या कनिंगहॅमची बाजू घेतो. माणूस मुळात चांगला आहे, काही गोष्टी त्याला दिसत नाहीत इतकेच, असे त्याचे म्हणणे. त्यावर जेम तिथल्या तिथे उलटून म्हणतो की न दिसणे कसले, काल रात्री त्याने तुम्हाला ठारच केले असते. ग्लॅडवेल यांचा आक्षेप तो हाच. फरक एवढा की तो त्यांच्या लेखाच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी, कादंबरीच्या आत, एका लहान मुलाने घेतलेला आहे.

मग ही गफलत होते कुठून? मला उत्तर चित्रपटात सापडते. आज ज्याला ‘मॉकिंगबर्ड’ म्हणून नावे ठेवली जातात, ते बहुधा ग्रेगरी पेक यांचे रूप असते. चित्रपट चांगलाच आहे, पण त्याने ॲटिकसला मध्यभागी आणले आणि त्याच्या भोवतीचे बरेच काही कापले. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधला प्रसंग त्यात नाही. मिशनरी मंडळाच्या बायकांचा चहा त्यात नाही. शिक्षिका मिस गेट्स त्यात नाही. आणि कादंबरीने स्वतःच्या गावाला, स्वतःच्या वर्गाला सर्वांत निर्दयपणे तपासले आहे ते नेमके याच पानांत. चित्रपटाचा राग पुस्तकावर काढणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर.

ही पाने उघडून पाहा. मिशनरी मंडळातल्या मिसेस मेरिवेदर दूर आफ्रिकेतल्या जमातीच्या दुःखाने हेलावून जातात आणि पुढच्याच श्वासात खटल्यानंतर घरची मोलकरीण तोंड पाडून वावरते म्हणून कुरकुर करतात. मिस गेट्स वर्गात हिटलरने ज्यूंचा चालवलेला छळ सांगतात, लोकशाहीत असे होत नाही म्हणून अभिमानाने शिकवतात. आणि याच मिस गेट्स टॉमच्या खटल्यानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर, या लोकांना एकदा धडा मिळायलाच हवा होता, असे म्हणताना स्काउटने ऐकलेल्या असतात. कादंबरी वाचकाला सुखावण्यासाठी लिहिली असती तर सगळा दोष उकिरड्याशेजारी राहणाऱ्या मेयेलाच्या दारुड्या बापाच्या, बॉब युएलच्या माथी मारून मोकळे होता आले असते. ली तसे करत नाहीत. पूर्वग्रहाचा पत्ता त्या शाळेत शोधतात, दिवाणखान्यात शोधतात, चांगल्या घरातल्या चांगल्या बायकांच्या तोंडी शोधतात. १९६६ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर परगण्याच्या शाळा मंडळाने या पुस्तकाला अनैतिक ठरवून बंदी घातली होती. त्या मंडळींना ते गोड लागले नव्हते.

आता तिसरा आक्षेप, सहानुभूतीचा. माणूस कळायचा असेल तर त्याच्या कातडीत शिरून चालून पाहा, हा ॲटिकसचा उपदेश शाळाशाळांच्या भिंतींवर गेला. उपदेश सुरुवातीलाच येतो. त्यानंतर कादंबरी काय करते? ती त्याला पुन्हा पुन्हा परीक्षेला बसवते.

तुरुंगाच्या दाराशी तो तग धरतो. स्काउट कनिंगहॅमला नावाने हाक मारते, त्याच्या मुलाची चौकशी करते, आणि जमाव पांगतो. पण ही जीत एका रात्रीपुरतीच आहे. खटला संपल्यावर बॉब युएल ॲटिकसच्या तोंडावर थुंकतो. ॲटिकस आपले तत्त्व पाळतो, युएलच्या जागी जाऊन पाहतो, आणि निष्कर्ष काढतो: त्याला राग कुठेतरी काढायचा होता, तो काढून झाला, आता भीती नाही. हा निष्कर्ष साफ चुकतो. युएल अंधारात त्याच्या मुलांवर सुरी घेऊन येतो आणि जेमचा हात मोडतो. ॲटिकसच्या तत्त्वाचा इतका स्पष्ट पराभव ज्या पुस्तकात आहे, ते त्या तत्त्वाची जाहिरात कसे होईल?

तिसरी परीक्षा सर्वांत भेदक आहे आणि ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होते. सरकारी वकील टॉमला विचारतो, मोबदला न घेता तू त्या मुलीची कामे का करून देत होतास? टॉम म्हणतो, मला तिची दया आली. शब्द तोंडातून गेल्या क्षणी चूक त्याच्या लक्षात येते. सभागृह गोठते. टॉमने काय केले होते? ॲटिकस स्वतःच्या मुलांना जे रोज शिकवत होता तेच. तो मेयेलाच्या जागी जाऊन आला होता. तिचे एकटेपण, सात भावंडांचे तिच्यावरचे ओझे, बापाची दहशत त्याला दिसली होती. गोऱ्या वकिलाने हे केले तर तो सद्गुण. कृष्णवर्णीय मजुराने केले तर तो उद्दामपणा, आणि तो त्याच्या जिवावर उठतो. सहानुभूती दाखवण्याचा हक्कसुद्धा या गावात कातडीच्या रंगावर वाटलेला आहे, हे सांगणारा याहून नेमका प्रसंग मला अमेरिकी कथावाङ्मयात दुसरा आठवत नाही. व्यवस्था दिसत नाही, असे म्हणता? व्यवस्था दुसरी कशी दिसते?

पुराव्याचेही तेच. मेयेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार आहे. तिचा बाप डावखुरा आहे. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनमध्ये सापडून निकामी झालेला आहे. हे सगळे ज्युरीसमोर येते. ज्युरीला काही कळले नाही असे नाही. तिला कळले, आणि तरीही तिने दोषी ठरवले. अन्याय हा गैरसमजातून होतो, लोकांना नीट समजावले की तो थांबेल, ही भाबडी समजूत इथेच मोडते. ज्युरीत स्त्रिया का नाहीत, गावातली प्रतिष्ठित माणसे का नाहीत, याची चर्चाही कादंबरी करते. खटला १९३५ च्या उन्हाळ्यातला आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्कॉट्सबरो प्रकरणातच, कृष्णवर्णीयांना ज्युरीतून पद्धतशीर वगळणे घटनाबाह्य ठरवले होते. मेकोमच्या ज्युरीच्या बाकांवर त्या निकालाची सावलीसुद्धा पडलेली नाही.

आता चौथा आक्षेप. इथे मी सावध बोलतो, कारण मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. बाबूराव बागूल यांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये आले, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये. सहानुभूतीने लिहिलेले आणि स्वानुभवातून लिहिलेले यांत काय अंतर असते, हे दलित साहित्याने आपल्याला शिकवले आहे. ती कसोटी इथे लावलीच पाहिजे. लावली की काही गोष्टी मान्य कराव्या लागतात. निकालानंतर ॲटिकस बाहेर पडताना गॅलरीतले सारे कृष्णवर्णीय उठून उभे राहतात, त्या दृश्यात कादंबरी ॲटिकसच्या प्रेमात पडलेली आहे. टॉमची बायको हेलन आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. हे उणे आहे आणि ते उणेच राहील.

पण आवाजच नाही? फिंचांच्या घरची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण कॅल्पर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते तेव्हा ल्यूला नावाची स्त्री वाट अडवते आणि विचारते, गोऱ्यांची पोरे आमच्या चर्चमध्ये कशाला? त्यांना त्यांचे चर्च आहे, आम्हाला आमचे. बाकीचे लोक तिला गप्प करतात, पण प्रश्न पानावर राहतो आणि त्याला पुरते उत्तर मिळत नाही. याच ठिकाणी स्काउटला कळते की आपल्या स्वयंपाकघरात दिसते त्याहून वेगळे एक पूर्ण आयुष्य कॅल्पर्नियाला आहे, तिची बोलण्याची तऱ्हासुद्धा तिथे वेगळी आहे. गोऱ्या मुलीला आपल्या अज्ञानाची हद्द दिसते ती इथे. आणि टॉम? ॲटिकस त्याला अपिलाची आशा देतो. टॉम ती नाकारतो आणि कुंपणाकडे धाव घेतो. गोऱ्यांनी देऊ केलेल्या संधींचा त्याला कंटाळा आला असावा, हे स्वतः ॲटिकस बोलून दाखवतो. त्या धावेत टॉमने कादंबरीतल्या सर्वांत सज्जन माणसावर अविश्वास दाखवला आहे, आणि कादंबरी त्याला चूक म्हणत नाही.

आता पक्ष्याची उपमा. टॉमच्या मृत्यूची तुलना गाणाऱ्या पक्ष्यांच्या हत्येशी करतो तो वृत्तपत्राचा मालक अंडरवुड. हा माणूस कृष्णवर्णीयांचा तिरस्कार करतो, हे कादंबरीने आधीच सांगून ठेवले आहे. त्याला टॉम पक्षी दिसतो. पण वाचकाने त्याआधी टॉमला साक्ष देताना पाहिलेले आहे: काम करणारा, विचार करून बोलणारा, घाबरलेला आणि तरीही खरे बोलणारा प्रौढ माणूस. उपमा अपुरी आहे हे दिसण्यासाठी लागणारा सगळा मजकूर लेखिकेनेच पुरवला आहे. टॉमचे अंतरंग ज्याला हवे त्याने रिचर्ड राइट, मिल्ड्रेड टेलर या कृष्णवर्णीय लेखकांकडे जावे, आणि जायलाच हवे. शाळांनी यांचीही पुस्तके लावावीत. त्याला माझा दुजोरा आहे. पण एका पुस्तकाला सीमा आहे याचा अर्थ त्याने खोटे सांगितले असा होत नाही.

एक प्रश्न शिल्लक राहतो तो शेवटाचा. घराबाहेर न पडणारा शेजारी बू रॅडली मुलांना वाचवतो आणि युएल मरतो. शेरीफ हेक टेट ठरवतो की युएल स्वतःच्याच सुरीवर पडला. सत्य उघड्यावर आले पाहिजे म्हणून हट्ट धरणारा ॲटिकस अखेर गप्प राहतो. टीकाकार म्हणतात, गोऱ्यासाठी कायदा वाकला, टॉमसाठी का वाकला नाही? बरोबर. पण हा प्रश्न वाचकाच्या मनात येतो तो कशामुळे? निर्दोष कृष्णवर्णीयाला भर कोर्टात मिळालेली शिक्षा आणि गोऱ्या माणसाला ओसरीवर मिळालेले अभय, ही दोन दृश्ये एकाच कथेत एकापुढे एक ठेवली आहेत म्हणून. शेरीफ तर त्याच बोलण्यात टॉमच्या विनाकारण मृत्यूची आठवण काढतो. कायद्यावर ज्याची श्रद्धा होती तो ॲटिकस शेवटी कायद्याबाहेरचा न्याय स्वीकारतो. हे समाधान नाही. ही कबुली आहे.

खंडन झाले. आता मंडन. या कादंबरीतली नैतिक वाढ म्हणजे मुलांनी बापासारखे होणे, असे तिचे भक्त समजतात आणि तिचे टीकाकारही तेच गृहीत धरतात. एकाने त्यासाठी हार घातला, दुसऱ्याने त्यासाठी गुन्हेगार ठरवले. गृहीतक दोघांचेही एकच, आणि तेच चुकीचे. जेम निकालानंतर रडतो. मिस गेट्सबद्दल स्काउट विचारते तेव्हा तो संतापाने थरथरतो, कोर्टाचे नाव पुन्हा काढू नकोस म्हणतो. याला धडा शिकणे म्हणत नाहीत; बापाचे जग खोटे निघाल्याची ही वेदना आहे. आणि स्काउट, अंडरवुडचा अग्रलेख वाचता वाचता, एका निष्कर्षाला पोहोचते: मेयेलाने किंकाळी फोडली त्याच क्षणी टॉम मेला होता, माणसांच्या मनात भरणाऱ्या गुप्त न्यायालयात तिच्या बापाच्या बाजूने खटला कधी उभाच राहिला नव्हता. न्यायालये सगळ्यांना समान करतात, असे ॲटिकसने ज्युरीपुढे सांगितले होते. त्याच्या मुलीने त्यावर दिलेला निर्णय वेगळा आहे. बापावरचे प्रेम तसूभर कमी न होऊ देता बापाचे सर्वांत मोठे विधान नाकारता येणे, ही या कथेतली प्रौढता.

म्हणून ॲटिकस अपुरा आहे, हा शोध लावून जे या पुस्तकाला बाद करतात, त्यांना विचारावेसे वाटते: हा शोध तुम्हाला कुठे लागला? त्याची नेमणूक, क्लॅनबद्दलचा त्याचा भ्रम, युएलबद्दलचा त्याचा चुकलेला अंदाज, त्याच्या आशेवर टॉमने दाखवलेला अविश्वास, यांतला प्रत्येक पुरावा याच पुस्तकाने तुमच्या हाती दिला आहे. साक्ष स्वीकारायची आणि साक्षीदाराला शिक्षा करायची, असा न्याय मेकोमच्या ज्युरीलाच शोभतो. वाचकाने तो करू नये.